मोराची मान शिलाईत जाऊ नये म्हणून: प्राणी-पाखरांचं रेशमी कापड घरात वापरताना

हत्ती, हरणं, मोर, पोपट आणि त्यांच्याभोवती झाडं-वेली विणलेलं रेशमी कापड थानावर उलगडून दाखवलं की कुणालाही भुरळ पडते. खरी परीक्षा कात्री लागल्यावर असते. मोराची मान शिलाईत जाते, हत्तीचे पाय खालच्या पट्टीत दुमडले जातात, आणि पडद्याच्या एका पाटावरचं (पूर्ण पन्ह्याच्या उभ्या तुकड्यावरचं) हरीण शेजारच्या पाटावर चार बोटं खाली उतरलेलं दिसतं. साध्या किंवा बारीक बुट्टीच्या कापडात हे प्रश्न येत नाहीत. चित्राच्या कापडाला वर-खाली असतं, डावं-उजवं असतं आणि ठरावीक अंतराने तेच चित्र पुन्हा येतं. या तिन्ही गोष्टी कापड घेण्याआधी मोजा आणि मग उशी केवढी, पडदा किती चुण्यांचा, हे ठरवा. लोक नेमकं उलटं करतात. घरून माप आणतात, तेवढे मीटर घेतात आणि मग माझ्यासारखीला म्हणतात, "बसवा ताई काहीतरी."

सांगलीत आणि मिरजेत पडदे, उशा, गादी-लोडाची कव्हरं शिवून देताना जे सांगावं लागतं, ते इथे क्रमाने लिहिते.

आधी जागा, मग कापड

रेशमाला दोन गोष्टी सोसत नाहीत: ऊन आणि घासणं. उन्हातल्या अतिनील किरणांनी रेशमाचा तंतू पिवळा पडतो, कडक होतो आणि शेवटी हात लावला तरी चिरतो. पश्चिमेच्या खिडकीला आपल्याकडे मार्च ते मे दुपारभर काय ऊन येतं ते वेगळं सांगायला नको. त्या खिडकीला रेशमी पडदा लावायचा तर मागे जाड अस्तर पाहिजेच, आणि तरीही माझं मत विचाराल तर लावू नका. उत्तरेची खिडकी, आतल्या दोन खोल्यांमधलं दार, दिवाणखान्याची आतली भिंत या जागा रेशमाच्या.

घासण्याचं म्हणाल, तर सोफ्याची रोजची बैठक रेशमाची करू नये. चित्र उठून दिसावं म्हणून ब्रोकेडमध्ये, म्हणजे विणतानाच उठावाची नक्षी काढलेल्या कापडात, काही धागे वरून मोकळे धावतात. बांगडी, पॅंटची चेन, मांजराची नखं त्यात अडकली की धागा ओढला जातो आणि मोराच्या पिसाऱ्याला पांढरी रेघ पडते. बसणाऱ्याच्या वजनाने शिलाईपाशी धागे सरकून कापड विरळ होतं ते वेगळंच. खुर्चीची पाठ, उशा, लोड-तक्के, भिंतीवरची चौकट, पलंगाच्या पायथ्याची पट्टी इथे हे कापड वर्षानुवर्षं राहतं. मिरजेजवळ राहणाऱ्यांना आणखी एक सुचवते: तंबोऱ्याची गवसणी. आत मऊ फ्लॅनेल, वर जरीचं किनखाब. वाद्य कोपऱ्यात उभं असतं, उन्हापासून लांब असतं, आणि गवसणीच्या उभ्या लांबीवर वेल आणि त्यावरचे राघू फार छान बसतात.

मोर, हत्ती, हंस, गाय असलेलं कापड गादीला घालावं का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. एका सासूबाईंनी कापड बघितल्या बघितल्या सुनेला विचारलं होतं, "अगं, सरस्वतीचं वाहन आहे ते. त्याच्यावर बूड टेकायचं होय?" पटो न पटो, घरात म्हातारं माणूस असेल तर आधी विचारून घ्या. यावरचा सोपा तोडगा म्हणजे गादीला नुसती फुलांची वेल किंवा त्याच रंगाचं साधं रेशीम, आणि पाखरं-प्राणी लोडांवर. तसंही बसल्यावर गादीवरचं चित्र झाकलंच जातं, म्हणजे महागातलं कापड फुकट जातं.

सांगलीच्या गावभागात किंवा नदीकाठच्या कुठल्याही भागात तळमजल्यावर राहत असाल तर रेशमी कापडाचा साठा माळ्यावर किंवा वरच्या मजल्यावर ठेवा. २००५, २०१९, २०२१ चे पूर बघितलेल्यांना याचं कारण सांगायला नको. गाळाच्या पाण्यात भिजलेलं रेशीम धुऊन पूर्वीसारखं होत नाही.

काय विकत घेताय ते ओळखा

बाजारात "सिल्क" या एका नावाखाली पाच-सहा वेगळ्या गोष्टी मिळतात.

बनारसी ब्रोकेड सगळ्यांच्या ओळखीचं. त्यात प्राण्यांची जी नक्षी असते तिला शिकारगाह म्हणतात: झाडीतून पळणारी हरणं, वाघ, हत्ती, घोडेस्वार, फांदीवर पाखरं. ही मांडणी इराणी आणि मुघल चित्रकलेतून आलेली. बनारसीत कढुआ आणि फेकुआ असे दोन प्रकार विचारून घ्या. कढुआमध्ये प्रत्येक बुट्टा स्वतंत्र विणतात, त्यामुळे मागच्या बाजूला धागे लोंबत नाहीत. फेकुआत नक्षीचा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो आणि मधले मोकळे धागे नंतर कापून टाकतात. उशीला फेकुआ चालतो, मात्र मागून अस्तर हवंच, नाहीतर कापलेली टोकं हळूहळू निसटतात.

पैठणीची गोष्ट निराळी. मुनिया, बांगडी मोर, असावली वेल हे सगळं त्यात हाताने रंगीत धागे एकमेकांत अडकवून विणलेलं असतं, म्हणून उलट-सुलट दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसतात. नवी हातमागाची पैठणी कापून उशा करू नयेत, हे माझं स्पष्ट मत. येवल्याचा विणकर महिनोन्‌महिने बसून पदर विणतो आणि आपण त्याच्या १६ इंची चौकटी करायच्या? पदर हौसेने लावायचाच असेल तर तो अखंड ठेवून चौकटीत बसवावा.

हिमरू छत्रपती संभाजीनगरचं. त्यात सूत आणि रेशीम दोन्ही असतं, त्यामुळे कापडाला अंग असतं, ते घसरत नाही आणि शिवायला सोपं जातं. पहिल्यांदाच चित्राचं कापड शिवणार असाल तर हिमरूपासून सुरुवात करा. मश्रूमध्ये वरची बाजू रेशमी आणि आतली सुती असते. तेही तक्क्यांना चांगलं, फक्त त्यात पट्टे जास्त, प्राणी कमी.

आणि मग आर्ट सिल्क. यातलं आर्ट म्हणजे कला नव्हे, कृत्रिम: व्हिस्कोस किंवा पॉलिस्टर. मीटरवर मिळणारं चकचकीत "बनारसी ब्रोकेड" बऱ्याचदा हेच असतं. ते वाईट असतं असं नाही. उन्हाच्या खिडकीला, पोरांच्या खोलीला, भाड्याच्या घराला मी स्वतः पॉलिस्टरच सुचवते. रेशमाच्या भावाने मात्र घेऊ नका.

ओळखण्याची खात्रीची घरगुती पद्धत म्हणजे धागा जाळून बघणं. कडेचा एक उभा धागा आणि एक आडवा धागा वेगवेगळे काढा, कारण ताणा एक आणि बाणा दुसरा असं खूपदा असतं. चिमट्यात धरून पेटवा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योतीतून काढलं की लवकर विझतं आणि काळी राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. व्हिस्कोस आणि सूत कागदासारखं भुरुभुरु जळतं आणि मऊ करडी राख राहते. जरीचा धागा यासाठी घेऊ नका, त्यावरून काही कळणार नाही. दुकानात धागा जाळू देत नसतील तर सिल्क मार्कचं लेबल मागा. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून ही खूण सुरू आहे. होलोग्राम आणि त्यावरचा क्रमांक बघा.

जरी हाताने चोळून बघा. टोचली किंवा खरखरली तर ते कापड गालाशी येणाऱ्या उशीला घेऊ नका. लोडाला, भिंतीला चालेल.

रिपीट म्हणजे काय आणि तो का असतो

जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणण्यासाठी मागावर बसवलेल्या यंत्रावर, विणताना ताण्याचे धागे हुकांनी उचलले जातात. हुकं ठरावीक असतात. समजा ४०० हुकांचं जॅकार्ड आहे आणि इंचाला १०० उभे धागे आहेत, तर साध्या मांडणीत रुंदीतली नक्षी ४ इंचांत संपते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रुंद झाड, मोठा हत्ती हवा तर हुकं जास्त लागतात. उंचीचा हिशोब यंत्रातल्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर: बाण्याच्या एकेका धाग्याला एकेक पत्ता, म्हणजे चित्र जितकं उंच तितके पत्ते जास्त. मोठ्या चित्राचं कापड महाग का, त्याचं एक कारण हे. फ्रान्समधल्या लियों शहरात जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे यंत्र पुढे आणलं. त्याच्याही आधी, अठराव्या शतकात, त्याच गावच्या फिलिप द लासालने हातमागावर मोर आणि फेझंट पक्ष्यांची रेशमी कापडं विणवली होती आणि ती रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या महालापर्यंत पोचली. भिंतींना आणि खुर्च्यांना प्राण्यांचं रेशीम लावायची हौस तेव्हाही होती.

आता टेप हातात घ्या. एका हरणाचा डोळा धरा आणि सरळ वर जात अगदी तसंच हरीण पुन्हा येतं त्याच्या डोळ्यापर्यंत मोजा. हा उभा रिपीट. तसंच आडवं मोजा, तो आडवा रिपीट. डोळाच धरा, कारण शेपटी किंवा पान धरलं की चूक होते, पानं सगळी सारखीच दिसतात. मग आणखी तीन गोष्टी वहीत लिहा. चित्र सगळीकडे एकाच दिशेला तोंड करून आहे की आरशासारखं समोरासमोर? शेजारच्या ओळीतलं चित्र त्याच पातळीवर आहे की अर्ध्या रिपीटने खाली सरकलंय? याला दुकानदार हाफ ड्रॉप म्हणतात, आणि त्यात जोडणीला कापड जास्त जातं. तिसरं म्हणजे काठ सोडून कापडाचा वापरता येणारा पन्हा. फर्निशिंगचं कापड साधारण ५४ इंच असतं, साडी-ब्लाऊजच्या मापाचं ४४-४५ इंच.

सगळं कापड एकाच थानातून, एकाच लॉटमधून घ्या. रेशमाचा रंग लॉटगणिक बदलतो आणि दुकानाच्या ट्यूबलाईटखाली तो फरक कळत नाही. बाहेर रस्त्यावर नेऊन बघा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू दे.

पडद्याचा हिशोब

उदाहरण घेऊ. दांडी ७२ इंच, तयार पडद्याची लांबी ८४ इंच, कापडाचा पन्हा ५४ इंच, उभा रिपीट २५ इंच.

रुंदीला दुपटीने कापड धरलं तर १४४ इंच. भागिले ५४, म्हणजे २.६७. पूर्ण ३ पाट घ्यावे लागतील. दुपटीच्या वर जाऊ नका. साध्या कापडाला अडीच पट चुण्या शोभतात, इथे तेवढ्या घातल्या की हत्ती चुणीत बुडतो आणि नुसती सोंड बाहेर राहते. लांबीत वरच्या पट्टीला ४ इंच आणि खालच्या दुहेरी दुमडीला ८ इंच मिळवले की ९६ इंच. साध्या कापडाला ३ पाटांचे २८८ इंच, म्हणजे सव्वासात मीटरच्या थोडं वर एवढं पुरलं असतं. पण प्रत्येक पाट चित्राच्या त्याच ठिकाणापासून सुरू व्हायला हवा. म्हणून ९६ हे २५ च्या पटीत वर न्यायचं: चार रिपीट, १०० इंच. तीन पाटांचे ३०० इंच. शिवाय दुकानात थान जिथे कापलेलं असेल तिथूनच तुमचं चित्र सुरू होईल असं नाही, म्हणून एक रिपीट जास्त: ३२५ इंच, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या जरा वर. साडेआठ मीटर घ्या. एक-सव्वा मीटरचा हा फरक वाया जात नाही. उरलेल्या पट्ट्यांतून पडदा बांधायचे पट्टे, उशीची पायपिंग निघते.

तीन पाट म्हणजे एकेका पडद्याला दीड पाट. अर्धा पाट नेहमी बाहेरच्या, भिंतीकडच्या बाजूला जोडा. पूर्ण पाट खिडकीच्या मध्यावर आले की दोन्ही पडदे मिटल्यावर चित्र समोरासमोर नीट बसतं आणि जोड चुण्यांत लपतो.

पूर्ण प्राणी खाली ठेवायचा की वर? जमिनीपर्यंतचा पडदा असेल तर मी पूर्ण चित्र खालच्या पट्टीच्या वर उभं करते, झाडाची मुळं तळाशी आली की चित्राला जमीन मिळते. वरचं अर्धं चित्र चुण्यांत कुणाला दिसत नाही. खिडकीसमोर दिवाण असेल तर मात्र उलट, कारण खालचा भाग झाकलेलाच राहणार. रोमन ब्लाइंड, म्हणजे आडव्या घड्यांनी वर उचलला जाणारा सपाट पडदा, करायचा विचार असेल तर त्यावर चित्र सपाट आणि पूर्ण दिसतं, कापडही कमी लागतं. फक्त आडव्या पट्ट्यांच्या जागा ठरवताना घडी प्राण्याच्या मानेवर येणार नाही एवढं बघा.

उशी: आधी रिपीट, मग माप

सगळ्यात जास्त कापड इथे वाया जातं, म्हणून थोडं सविस्तर. ५४ इंच पन्ह्यात आडवा रिपीट साडेतेरा इंचाचा आहे असं धरा, म्हणजे एका ओळीत चार हत्ती. तुम्हाला १६ इंची उशी हवी. दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा इंच धरून कटिंग १७ इंचाचं, आणि हत्ती बरोबर मध्यभागी. दोन हत्तींमध्ये साडेतेरा इंचच अंतर आहे, त्यामुळे शेजारचे दोन घेता येत नाहीत. कडेचे हत्ती काठापासून पावणेसात इंचांवर, त्यांच्याभोवती साडेआठ इंच मिळतच नाहीत. थोडक्यात, चार हत्तींच्या ओळीतून एकच उशी निघते. सहा उशांना २५ इंचांचे सहा रिपीट, म्हणजे जवळजवळ ३.८ मीटर.

आता तीच उशी १२ इंची करा. कटिंग १३ इंचाचं, अंतर साडेतेरा. चारही हत्ती निघतात. सहा उशांना दोन रिपीट, म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. एवढा फरक फक्त माप नंतर ठरवल्याने पडतो. आणि १६ इंचीच हव्या असतील तर मधे १२ इंचांचा चित्राचा चौकोन आणि चारी बाजूंनी साध्या डुपियन रेशमाची पट्टी लावा. मला तर ती जास्त आवडते. चित्राला मखर मिळतं. पट्ट्या आणि पाठ दोन्ही साध्या रेशमाची केलीत तर खर्चही आवाक्यात राहतो.

कापण्याआधी खिडकी करा. जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्यात तयार उशीच्या मापाचा चौकोन कापून काढा आणि ती चौकट कापडावर ठेवून सरकवत बघा. मध्य काढताना प्राण्याच्या पाठीचा मध्य धरू नका. सोंड, शिंगं, पिसारा या सगळ्यांसकट नजरेला जो तोल वाटतो तो धरा. मोराचा पिसारा मागे लांब असतो, त्यामुळे अंग मध्यावर घेतलं तर शेपूट शिलाईत जाते. ज्या बाजूला प्राणी बघतोय त्या बाजूला थोडी जागा जास्त सोडली की चित्र मोकळं वाटतं.

सोफ्याच्या दोन टोकांना दोन उशा असतील तर प्राणी आतल्या बाजूला बघणारे हवेत. कापडात समोरासमोरची जोडी असेल तर डावे-उजवे मोजून कापा. सगळे एकाच दिशेचे असतील तर कापड उलटं वापरून समोरासमोरची जोडी करता येत नाही, तेव्हा ते सगळे दाराकडे तोंड करून ठेवा.

आतली उशी कव्हरपेक्षा एक-दोन इंच मोठी भरा. ढिली राहिली की कापडाला घड्या पडतात आणि हत्ती सुरकुततो.

लोड

९ इंच व्यासाच्या लोडाचा घेर साधारण २८.२५ इंच, शिलाईसाठी १ इंच धरून २९.२५. इथे एकच गोष्ट लक्षात ठेवा: कापडाची उभी बाजू लोडाच्या घेराभोवती फिरते, लांबीवर नाही. कापड वाचवायला लांबीवर घातलं की सगळे प्राणी कुशीवर झोपतात. प्राण्यांची ओळ समोर, डोळ्याला दिसेल अशी, आणि जोड मागे-खाली. रिपीट २५ इंच असला तर घेरात एक पूर्ण चित्र आणि वर तीन-चार बोटं येतात, ती मागे लपतात. ३० इंच लांबीचा लोड असेल तर ५४ पन्ह्यातून २४ इंच उरतात, त्यातून दोन्ही टोकांच्या १० इंची चकत्या निघतात. टोकांना चुण्या घालण्यापेक्षा चकती आणि पायपिंग बरी. जाड ब्रोकेडच्या चुण्या मधोमध गोळा होऊन गुठळी होते.

कटिंग आणि शिलाई

अस्तराचं मांजरपाट आदल्या रात्री पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. ते आटतं. न भिजवता लावलं तर पहिल्या धुण्यानंतर, नाहीतर नुसत्या पावसाळी दमटपणाने, रेशमाला ओढून धरतं.

रेशीम दुहेरी घालून कधीच कापू नका. खालचं चित्र दिसत नाही आणि ते वरच्याच्या बरोबर खाली असण्याची शक्यता शून्य. एकेरी, चित्र वर, टेबलावर पसरून कापा. टेबल लहान असेल तर जमिनीवर चादर घालून बसा, पण कापड लोंबू देऊ नका. खूण खडूने, उलट बाजूला. टाचण्या बारीक आणि फक्त शिलाईच्या जागेत लावा, कारण रेशमावर टोचलेलं भोक मिटत नाही. काठ घट्ट विणलेला असतो आणि कापड आत ओढतो, म्हणून तो कापून टाका किंवा दर तीन-चार इंचांवर तिरपा काप द्या. कापल्याबरोबर सगळ्या कडा इंटरलॉक करा. ब्रोकेड सुटायला लागलं की थांबत नाही.

दोन पाट जोडताना चित्र जुळवण्याची पद्धत अशी. एका पाटाची कड अर्धा इंच आत दुमडून हलकी इस्त्री फिरवा. दुसरा पाट सुलट बाजू वर ठेवून पसरा. दुमडलेली कड त्यावर ठेवा आणि हळूहळू वरखाली सरकवत बघा. फांदीला फांदी, कानाला कान मिळाला की तिथे टाचणी. एक वीत पुढे जा, पुन्हा जुळवा. पाट पूर्ण झाला की सुलट बाजूनेच, दुमडीतून, हाताने लांब कच्चा टाका घाला. मग उलटून मशीन मारा आणि कच्चा टाका उसवा. हा टाका चुकवून नुसत्या टाचण्यांवर मशीन मारलं तर वरचं कापड पायाखाली पुढे सरकतं आणि शेवटी दोरीभर फरक पडलेला असतो. एवढ्या फरकानेही हरणाचं तोंड वाकडं दिसतं.

नवी सुई घाला. पातळ रेशमाला ११ नंबर, जरीच्या जाड ब्रोकेडला १४. बोथट सुई धागा ओढते आणि आडवी रेघ उमटते. टाका अडीच ते तीन मिलिमीटर. उसवायची वेळ येणार नाही असंच शिवा, जुन्या टाक्याची भोकं राहतातच.

पडद्याचं अस्तर खाली पडद्यापेक्षा इंचभर आखूड ठेवा. खालची पट्टी लगेच शिवू नका. वरून पूर्ण करून पडदा दांडीवर दोन-तीन दिवस टांगून ठेवा, कापड आपल्या वजनाने उतरतं, मग खालची दुमड घाला. इस्त्री उलट बाजूने, मधे मलमलचं फडकं, बटण सिल्कवर. पाणी शिंपडून इस्त्री करायची आपली सवय इथे नडते. थेंबाचे गोल डाग उठतात.

आजीचा शालू असेल तर

पेटीतला जुना शालू घेऊन येणारे बरेच असतात. आधी घडीची जागा उजेडासमोर धरा. बारीक चिरा दिसल्या, किंवा दोन बोटांनी हलकं ताणल्यावर करकर आवाज आला, तर त्या कापडाची उशी होणार नाही, कितीही अस्तर लावलं तरी. त्यातला चांगला भाग शोधा, सुती कापडावर सपाट ठेवून कडेने आणि चित्राच्या बाह्यरेषेवर रेशमी धाग्याने बारीक टाके घाला आणि चौकटीत बसवा. काच चित्राला टेकू देऊ नका, मधे पुठ्ठ्याची पट्टी हवी. फ्यूजिंग, म्हणजे मागून डिंक लावलेलं अस्तर, इस्त्रीने चिकटवायचा मोह होतो. जुन्या रेशमावर ते करू नका, डिंक पुढे पिवळा पडतो आणि निघत नाही. घड्यांव्यतिरिक्त बाकी कापड सशक्त असेल तर मात्र बिनधास्त उशा करा, पेटीत राहून ते वाचणार नाहीच.

वापर आणि जपणूक

सांगलीत राहून हळदीचा डाग टाळणं अवघड. हळदी-कुंकवाच्या दिवशी लोडावर बोटं उमटतात. कोरडी हळद चोळू नका, कापड उलटं धरून झटका, उरलेली मऊ ब्रशने काढा. साबण तर लावूच नका. साबणात क्षार असतो, त्याने हळद लाल पडते आणि रेशमालाही क्षार सोसत नाही. सुती कापडावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवून घालवतात तो उपाय इथे करू नका, डाग जाता जाता रेशीमही जाईल. ओला डाग पांढऱ्या फडक्याने टिपून घ्या आणि ड्रायक्लीनला द्या, देताना डाग हळदीचा आहे आणि कापडात जरी आहे हे सांगा. ब्लीच कुठल्याही परिस्थितीत नको. हायपोक्लोराइटमध्ये रेशीम विरघळतं.

गणपतीत मखराच्या मागे हे कापड लावायला फार शोभतं. निरांजन आणि उदबत्ती दोन हात लांब ठेवा. काजळी रेशमात बसली की झटकून जात नाही.

धूळ दर आठवड्याला व्हॅक्यूमच्या नळीला मलमल बांधून, सगळ्यात कमी ओढीवर काढा. उशा अधूनमधून फिरवा, एकाच बाजूवर ऊन नको. ठेवणीतलं कापड घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर, चित्र बाहेर ठेवून गुंडाळा आणि वर धुतलेलं मलमल. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, बुरशी येते. डांबरगोळ्या ठेवायच्या तर पुरचुंडीत, जरीला न टेकता. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमारास सगळं बाहेर काढून सावलीत, वाऱ्यावर एक दिवस पसरा. तेव्हाच कसर लागली आहे का बघा. कसरीच्या अळ्या घडीच्या आणि शिलाईच्या आतल्या बाजूला आधी लागतात.

शिलाई झाल्यावर उरलेले तुकडे शिंप्याकडून मागून घ्या. एक पूर्ण प्राणी असलेला तुकडा आणि दोन-चार हातभर धागे पाकिटात घालून, त्यावर दुकान, लॉट आणि रिपीट लिहून ठेवा. पुढे कुठे धागा ओढला गेला तर रफूवाल्याला नेमका त्याच रंगाचा धागा लागतो, आणि तो तुमच्याच पाकिटातून निघतो.